ब्रिटनची सरकारी वेबसाईट: रंग नाही, रूप नाही, पण काम होतं

लोक हॉटेलचे रिव्ह्यू लिहितात, मिक्सरचे लिहितात, मी सरकारी वेबसाईटचा लिहितेय, हसायचं तर हसा. पण इथे ब्रिटनमध्ये राहायला आलेल्या माणसाची जिच्यापासून सुटका नाही अशी एकच साईट आहे, गव्ह डॉट यूके. व्हिसा तिथे, गाडीचा टॅक्स तिथे, लायसन्स तिथे, पोर झालं की चाइल्ड बेनिफिट तिथे, आणि घरातलं माणूस गेलं तर पेन्शनवाले, टॅक्सवाले, पासपोर्टवाले अशा सगळ्यांना एकदाच कळवून टाकायची सोय पण तिथेच. मी रेडिंगला राहते, नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या साईटमध्ये खुसपटं काढायचाच पगार मिळतो, त्यामुळे कौतुक तोंडातून सहजी निघत नाही. हिच्यासाठी निघतं. पाचपैकी साडेचार देते. अर्धा का कापला ते येईलच पुढे.

पहिल्यांदा उघडाल तर वाटेल काम अर्धवट टाकून लोक जेवायला गेलेत. पांढरं पान, काळी ठसठशीत अक्षरं, निळ्या लिंका, काही अर्ज करायचा असला की एक हिरवं बटण. सरकते फोटो नाहीत, वर कोणा साहेबांचा हसरा चेहरा नाही, कोपऱ्यातून टुणकन उडी मारून "मी तुमची काय मदत करू" विचारणारी बाहुली नाही. माझा नवरा पहिल्यांदा म्हणाला होता, एवढं श्रीमंत सरकार आणि साईट अशी गरीब! पण ही गरिबी मुद्दाम आहे, न त्यामागे बरीच मारामारी झालीय.

आधी इथेही आपल्यासारखाच गोंधळ होता. प्रत्येक खात्याची साईट वेगळी, सामान्य लोकांसाठी डायरेक्टगव्ह म्हणून एक, धंदेवाल्यांसाठी बिझनेस लिंक म्हणून दुसरी, आणि कुठलं काम कुठल्या खात्याकडे येतं हे आधी माणसाने माहिती करून घ्यायचं. २०१० मध्ये मार्था लेन फॉक्स यांना (लास्टमिनिट डॉट कॉम काढणाऱ्यांपैकी एक) सरकारने विचारलं की याचं काय करावं, त्यांनी स्पष्ट लिहून दिलं की थोडीफार डागडुजी करून भागणार नाही, मुळापासून बदला. मग २०११ मध्ये गव्हर्मेंट डिजिटल सर्व्हिस म्हणजे जीडीएस ही टीम उभी राहिली, १७ ऑक्टोबर २०१२ ला नवी साईट सुरू झाली आणि २०१४ संपेपर्यंत ३०० च्या वर सरकारी संस्थांच्या साईट या एकीत येऊन बसल्या. २०१३ ला लंडनच्या डिझाइन म्युझियमने हिला डिझाइन ऑफ द इयर दिलं, त्या वर्षी रांगेत शार्ड ही लंडनची ती टोकदार उंच इमारत होती, ऑलिंपिकचं ज्योतपात्र होतं, आणि जिंकली कोण तर ही बिनरंगाची साईट. बोअरिंग म्हणून पेपरवाल्यांनी खिल्ली पण उडवली. मला तरी वाटतं सरकारी साईट बोअरिंगच पाहिजे, मनोरंजनासाठी कोण जातं तिथे?

आता प्रत्यक्ष काम कसं होतं ते सांगते. माझा भाचा, नणंदेचा मुलगा, इथे शिकून आता नोकरीला लागलाय, त्याने एक जुनी गाडी घ्यायचं ठरवलं. स्लाऊला एका माणसाकडे बघायला गेलो. गाडी धुवून पुसून चकाचक, मालक गोड बोलणारा, म्हणजे सावध व्हायची सगळी लक्षणं. मी त्याला म्हटलं थांब, आधी नंबर टाक. गव्ह डॉट यूके वर एमओटी हिस्टरी म्हणून पान आहे, एमओटी म्हणजे इथली गाडीची दरवर्षीची तपासणी, गाडी ३ वर्षांची झाली की सुरू होते. तिथे फक्त गाडीचा नंबर टाकायचा. लॉगिन नाही, मोबाईल नंबर नाही, मालकाची परवानगी नाही. आजवरच्या सगळ्या तपासण्या तारखेसकट समोर, पास का नापास, नापास तर कशामुळे, कुठलं टायर झिजलंय म्हणून ताकीद दिली होती, आणि प्रत्येक वेळी मीटरवर किती मैल होते. मीटर मागे फिरवून गाडी विकणाऱ्यांची यात पंचाईत होते, कारण मागच्या वर्षीचा आकडा यंदापेक्षा जास्त दिसला की संपला विषय. या गाडीचे आकडे सरळ चढत गेलेले होते, ब्रेकच्या डिस्कची एक ताकीद होती, तिच्यावरून भाच्याने भाव पाडून घेतला. गप्पगुमान पोरगा वाटतो पण घासाघीस आईकडून आलीय.

पुढची गंमत टॅक्सची. इथे गाडी विकली की जुन्या मालकाचा रोड टॅक्स नव्याला मिळत नाही, ऑक्टोबर २०१४ पासून तसा नियम आहे, त्यामुळे नव्या मालकाने गाडी रस्त्यावर आणायच्या आधी टॅक्स भरायलाच पाहिजे. पूर्वी म्हणे इन्शुरन्सचा कागद, एमओटीचा कागद असं सगळं घेऊन पोस्टात रांग लावायची आणि मग ती गोल चकती मिळायची, काचेला चिकटवायची. १ ऑक्टोबर २०१४ ला ती चकतीच बंद केली. आता लॉगबुकमधून (गाडीच्या नोंदणीचा कागद) एक हिरवी चिठ्ठी फाडून नव्या मालकाला देतात, तिच्यावर १२ आकडी नंबर असतो. मालकाने त्याच्या दारातच स्वतःच्या फोनवरून सरकारला कळवलं की गाडी विकली, भाच्याने गाडीच्या बॉनेटला टेकून, इन्शुरन्स आधीच काढून ठेवला होता, तो १२ आकडी नंबर टाकला. गाडी कुठली ते साईटनेच दाखवलं आणि विचारलं हीच का. हो. वर्षाचा एकदम भरणार का ६ महिन्यांचा का दर महिन्याला (महिन्याने भरलं तर ५ टक्के जास्त पडतात, हे तिथेच सांगतात, नंतर नाही). कार्डाने पैसे भरले. हिरवी पट्टी आली, झालं म्हणून.

भाचा फोनकडे बघतच राहिला. "मामी, एवढंच? इन्शुरन्सची पीडीएफ नाही अपलोड करायची?"

म्हटलं, त्यांच्याकडे आहे ना ती माहिती, तुझ्याकडे कशाला मागतील.

"आणि कॅप्चा?"

मला हसू आलं. सत्याहत्तर प्रकारची ट्रॅफिक सिग्नलची चित्रं निवडून आपण यंत्र नाही हे सिद्ध करायची सवय लागलेली पिढी, तिला असं सरळ काम झालं की घोटाळा झाल्यासारखं वाटतं. पण खरा मुद्दा त्याच्या पहिल्या प्रश्नात होता. एमओटीचा डेटाबेस साईट स्वतःच मागच्या मागे तपासते, आणि इन्शुरन्सच्या नोंदी सरकार गाड्यांच्या नोंदींशी वेगळ्या, नियमित ताडून बघतं. म्हणजे पान सोपं दिसतं ते कोणी सुंदर पान काढलं म्हणून नाही, मागे दोन-तीन खात्यांना एकमेकांशी बोलायला लावलं म्हणून. आपल्याकडे बऱ्याचदा उलटं होतं, कागदाचा फॉर्म जसाच्या तसा स्क्रीनवर चढवतात, त्याला गुलाबी-निळा मुलामा देतात आणि झालं डिजिटल म्हणतात, खात्यांमधली धावपळ मात्र अजूनही आपल्याच पायांनी.

दुसरी गोष्ट, एका पानावर एकच प्रश्न. हे आधी मला पण चिडवायचं, किती वेळा ते पुढे-पुढे दाबायचं. पण माझ्या सासूबाई इथे आल्या होत्या तेव्हा त्यांना एक साधा फॉर्म भरायला बसवलं आणि मग कळलं. लांबलचक फॉर्म दिसला की त्या चष्मा काढून ठेवतात न म्हणतात तूच भर बाई. एकच प्रश्न दिसला की उत्तर देतात. पोस्टातला जुना चांगला कारकून जसा एकेक विचारत स्वतः फॉर्म भरून द्यायचा तसं हे आहे. शिवाय त्यात एक तांत्रिक फायदा पण आहे, पहिल्या उत्तरावरून पुढचे नको ते प्रश्न साईट गाळून टाकते, "विवाहित नसल्यास कलम ४ ते ९ सोडून द्यावे" असलं काही आपल्याला वाचावंच लागत नाही. आणि शेवटी एक पान येतं जिथे सगळी उत्तरं एकाखाली एक, प्रत्येकासमोर 'बदला' अशी लिंक. एक बदललं की पुन्हा त्याच यादीवर परत, मधलं सगळं परत भरायला लावत नाहीत. टेस्टर म्हणून सांगते, हे 'परत यादीवर' आणणं वाटतं तेवढं सोपं काम नाही, भल्याभल्यांच्या साईट इथे गळपटतात.

चुकीचे मेसेज बघा, हा माझा खास आवडीचा विषय. काही चुकलं तर वर लाल चौकट येते, काय चुकलं ते लिहिलेलं असतं, त्यावर दाबलं की थेट त्या रकान्यात नेऊन सोडते. आणि शब्द कसे, तर "जन्मतारखेत वर्ष हवं" असे. यांचं जे डिझाइन सिस्टिम म्हणून नियमांचं भांडार आहे, सगळ्यांना वाचायला खुलं, त्यात लिहूनच ठेवलंय की चुकीच्या मेसेजमध्ये 'इनव्हॅलिड' हा शब्द वापरू नका, 'प्लीज' वापरू नका, 'सॉरी' पण नको, विनोद तर अजिबात नको. प्लीज का नको? कारण प्लीज म्हटलं की वाटतं भरलं नाही तरी चालेल. हे वाचून मी माझ्या टीमला पाठवलं होतं, आमच्याकडे तेव्हा "ऊप्स, समथिंग वेंट राँग" असं एक पान होतं न खाली एक रडका कुत्रा. माणसाचे पैसे अडकलेत आणि तुम्ही कुत्रा दाखवताय.

तारीख. ज्यांनी कधी १९५० सालच्या माणसाची जन्मतारीख मोबाईलवर कॅलेंडर उलटं सरकवत-सरकवत शोधलीय त्यांनाच हे दुःख कळेल, आईचा फॉर्म भरताना बोट दुखून येतं. इथे जन्मतारखेला कॅलेंडरच नाही. तीन साधे रकाने, दिवस, महिना, वर्ष, टाईप करा. वर एक उदाहरण, आकड्यांतच. ०३ लिहा नाहीतर नुसता ३ लिहा, चालतं. आकड्यांच्या रकान्याचं तर एक मजेशीर प्रकरण झालं होतं. ब्राउझरमध्ये आकड्यांसाठी खास रकाना असतो, बाजूला छोटे वर-खाली बाण असलेला, तो यांनी आधी वापरला, मग लक्षात आलं की लोक आकडा टाकतात, खाली जायला माऊसचं चाक फिरवतात आणि पान सरकायच्या ऐवजी आकडाच बदलतो, कोणाला पत्ता पण लागत नाही. २०२० मध्ये त्यांनी तो काढून साधा रकाना ठेवला, फक्त फोनवर आकड्यांचा कीबोर्ड उघडेल एवढं बघितलं, आणि का काढला ते जाहीर लिहून टाकलं. सरकारी टीम आपला निर्णय का फिरवला ते सगळ्यांना सांगते हे मला साईटपेक्षा जास्त भावलं.

नावाचा रकाना हा आपल्या मराठी लोकांच्या जिव्हाळ्याचा विषय. आपलं नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, आणि शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी. पासपोर्टवर पहिलं न मधलं एकत्र गिव्हन नेममध्ये. मग इथे दवाखान्यातून पत्र येतं ते माझ्या नावाला नवऱ्याचं नाव जोडून, रिसेप्शनवर दोन नावांची हाक मारली की मी आजूबाजूला बघते कोणाला बोलावताय. तमिळ मैत्रिणीचं वेगळंच, तिला आडनावच नाही. डिझाइन सिस्टिमचा सल्ला असा की गरज नसेल तर पूर्ण नावाचा एकच रकाना ठेवा, लोकांची नावं कशी असतात ते तुम्ही ठरवू नका, आणि मिस्टर-मिसेस विचारूच नका, कारण त्यात माणसाला स्वतःचं लिंग न लग्न झालंय का ते विनाकारण सांगावं लागतं. सगळ्या सेवा हे पाळतात असं नाही, पासपोर्ट-लायसन्सला वेगवेगळे रकाने लागतातच, पण विचार झालाय एवढं तरी दिसतं.

भाषा. लिहिणाऱ्यांना सांगितलंय की ९ वर्षांच्या पोराला वाचता येईल असं लिहा आणि वाक्य २५ शब्दांच्या वर गेलं की तोडा. (माझ्या वाक्यांची लांबी मोजू नका, मी सरकार नाही.) म्हणजे अडाण्यांसाठी लिहिलंय असं नव्हे. वकील-डॉक्टरला पण घाईत सोपंच वाचायचं असतं, आणि माझ्यासारखीला, जिचं इंग्रजी ऑफिसात फाडफाड चालतं पण सरकारी पत्र आलं की छातीत धस्स होतं, तिला तर फारच.

एक बटण आहे ज्याबद्दल वाचून मी गप्प झाले होते. घरात मारहाण होते अशी बाई मदतीची माहिती शोधतेय आणि नवरा खोलीत आला तर? अशा पानांसाठी त्यांनी एक लाल बटण बनवलंय, 'या पानातून बाहेर पडा'. दाबलं की क्षणात पान जाऊन बीबीसीचं हवामान उघडतं. बटणापर्यंत हात पोचत नसेल तर शिफ्टची कळ पटापट तीनदा दाबायची. हवामानच का, तर ते कोणीही कधीही बघत असतं, संशय येत नाही. आणि सोबत हेही सांगतात की ब्राउझरच्या हिस्टरीत पान राहू शकतं, ती कशी पुसायची ते असं. सामान्य माणसासाठी डिझाइन म्हणताना आपण कायम शांतपणे खुर्चीत बसलेला माणूस डोळ्यासमोर धरतो ना, तो तसा नसतो बऱ्याचदा.

आणि अगदी रुक्ष पण नाहीत बरं का. बँक हॉलिडेचं पान बघा, पुढची सुट्टी कधी ते हिरव्या चौकटीत मोठ्या अक्षरात, खाली यादी, संपलं. पण सुट्टीच्या दिवशी ते पान उघडलं तर वर चक्क पताका लटकलेल्या दिसतात. त्याच्या मागच्या डेटा फाईलमध्ये प्रत्येक सुट्टीपुढे 'पताका: हो' किंवा 'नाही' असं लिहिलेलं आहे आणि गुड फ्रायडेला 'नाही' आहे, कारण तो दुखवट्याचा दिवस. एवढं बारीक कोणीतरी बसून ठरवलंय! मला तर गणपतीच्या मांडवात तोरण कुठे लावायचं यावरची भांडणं आठवली.

हलकेपणा हा अजून एक गुण. जुना फोन, रडतखडत चालणारं नेटवर्क, तरी उघडते. जावास्क्रिप्ट चाललं नाही तरी मुख्य काम अडत नाही. जीडीएसमध्ये काम केलेल्या एकाने लिहिलेला किस्सा आहे, घरभाड्याच्या मदतीसाठीच्या ऑफिसात एक तरुण मुलगी बसलेली आणि ती हातातल्या प्लेस्टेशन पोर्टेबलवर, म्हणजे गेम खेळायच्या खेळण्यावर, गव्ह डॉट यूके वाचत होती, तिच्याकडे तेवढंच होतं. पान साधं होतं म्हणून तिथेही दिसलं. दिसायला झगमगीत केलं असतं तर तिच्यापुरतं ऑफिस बंदच.

अक्षरं ओळखीची वाटली तर बरोबर आहे, इथल्या रस्त्यांवरच्या पाट्यांचीच ती. जॉक किनीर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी पाट्यांसाठी बनवलेल्या ट्रान्सपोर्ट अक्षरांची नवी आवृत्ती.

आता अर्धा मार्क. पहिलं म्हणजे ओळख पटवण्याचा प्रकार. व्हेरिफाय नावाची एक सेवा यांनी २०१६ मध्ये काढली, २०२० पर्यंत अडीच कोटी लोक वापरतील असं ठरवलं, २०१९ च्या सुरुवातीला ३६ लाखांवर अडकली होती, आणि २०२३ मध्ये गुंडाळली. आता वन लॉगिन आणलंय. एवढे नियम, एवढं संशोधन असून पण मोठ्या योजनेत आपटी खाता येते, हे नोंदवायला हवं, नाहीतर हा रिव्ह्यू नसून आरती होईल.

दुसरं, ई-व्हिसा. आपल्या लोकांना याची जास्त झळ. पूर्वी बीआरपी म्हणून, म्हणजे इथे राहायच्या परवान्याचं, गुलाबीसर कार्ड असायचं, खिशात ठेवा, दाखवा. ती कार्डं ३१ डिसेंबर २०२४ ला संपवली आणि सगळं ऑनलाईन केलं. घरमालकाला किंवा कंपनीला दाखवायचं तर साईटवरून ९ अक्षरांचा शेअर कोड काढायचा, तो ९० दिवस चालतो, नोकरीचा डब्ल्यूने सुरू होतो, भाड्याच्या घराचा आर ने. कोड काढणं सोपं आहे, एकदम यांच्या शिस्तीत बनवलंय. पण सोपं पान न सोपं आयुष्य यात फरक आहे. कार्डाला बॅटरी लागत नव्हती. ज्यांना स्मार्टफोन जमत नाही, इमेल पोराच्या नावावर आहे, अशा म्हाताऱ्या माणसांना 'माझा इथे राहायचा हक्क' हातात धरून दाखवताच येत नाही, याच्यावर इथल्या संस्थांनी बराच आवाज उठवला, आणि मुदत संपलेल्या कार्डावर अजून काही महिने प्रवास चालेल असं सरकारलाही जाहीर करावं लागलं. डिझाइनवाल्यांचा यात दोष किती ते सांगता येत नाही, त्यांना पान दिलं, त्यांनी पान चांगलं बनवलं. कार्ड बंद करायचं का हा प्रश्न त्यांच्या पानावर नव्हताच.

तसंच ड्रायव्हिंग टेस्टचं. भारतातल्या लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते, मग प्रोव्हिजनल म्हणजे शिकाऊ लायसन्स काढा (ऑनलाईन ३४ पौंड, पोस्टाने ४३), थिअरी द्या, ५० पैकी ४३ बरोबर पाहिजेत, सगळं साईटवर कसं नीट ओळीने सांगितलेलं. आणि मग प्रॅक्टिकलची तारीख, तिची वाट महिनोनमहिने बघावी लागते म्हणून देशभर ओरड आहे. सुबक पानाने रांग कमी होत नाही.

तिसरं, भाषा. वेल्शमध्ये बरंच काही मिळतं, ते त्यांच्या हक्काचंच आहे, पण आपल्याकडच्या भाषांमध्ये जवळपास काही नाही. थिअरी टेस्टला पूर्वी १९ परदेशी भाषांमध्ये ऐकायची सोय होती ती पण एप्रिल २०१४ मध्ये काढली. सोपं इंग्रजी हे सोपंच असतं, पण इंग्रजीच.

एक सावधगिरीचं, नवीन आलेल्यांसाठी. गूगलवर शोधाल तर वरच्या जाहिरातींमध्ये सरकारी वाटणाऱ्या साईट असतात, त्या हेच अर्ज जास्त पैसे घेऊन भरून देतात. पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट यूके आहे का ते बघा, नसेल तर पाकीट खिशात. साधी साईट असण्याचा हा एक तोटा, नक्कल करायला पण सोपी.

आता गावाकडची गोष्ट निघणारच. गेल्या वेळी आईच्या घरपट्टीसाठी एका महानगरपालिकेची साईट उघडली, नाव घेत नाही. वर पळती ओळ, कोपऱ्यात चमकणारं 'नवीन', त्या नवीन बातमीची तारीख चार वर्षांपूर्वीची, फॉर्म म्हणजे आडवा स्कॅन केलेला पीडीएफ, मान वाकडी करून वाचायचा. बाई म्हणून मी एवढी चिडले नाही जेवढी टेस्टर म्हणून चिडले. पण सगळंच तसं आहे असं पण नाही हां. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या निघतो, तलाठी तात्यांच्या मागे फिरणाऱ्या माझ्या काकांना विचारा त्याची किंमत. यूपीआय तर इथल्या लोकांना समजावून सांगताना माझीच कॉलर ताठ होते. म्हणजे बुद्धी कमी नाहीये. फरक मला एकच दिसतो, पान बनवायच्या आधी ते कोणी वापरून बघितलं का. इथे खरोखरची माणसं बसवून, आंधळी, हात थरथरणारी, कॉम्प्युटरला घाबरणारी, त्यांच्याकडून फॉर्म भरून घेतात, कुठे अडकतात ते बघतात, मग बदलतात. आपल्याकडे साईट बनली की आधी उद्घाटन होतं, आणि उद्घाटनाला आलेल्या साहेबांना घरपट्टी ऑनलाईन भरायची नसते.

तुमच्यापैकी कोणी सोसायटीची, पतसंस्थेची, शाळेची साईट बनवत असेल तर या डिझाइन सिस्टिमचा कोड फुकट आहे, एमआयटी लायसन्स, उचला न वापरा, चोरी नाही. फक्त ती पाट्यांची अक्षरं आणि साईटवरचं मुकुटाचं चिन्ह घेऊ नका, ते त्यांच्या डोमेनपुरतेच आहेत. आणि देवनागरी टाकाल तेव्हा दोन ओळींमधलं अंतर वाढवा, त्यांचं माप इंग्रजीच्या हिशोबाचं आहे, आपल्या वेलांट्या वरच्या ओळीला लागतात न खालचे उकार कापले जातात. बटणांची उंची पण आकड्यात बांधू नका, 'सेव्ह' चं 'जतन करा' आणि 'सबमिट' चं 'अर्ज सादर करा' झालं की मजकूर दोन ओळींत जातो आणि अर्धा बटणाच्या बाहेर लोंबतो.